सर्व्हरवरचा साप आणि काकांचे दोनशे शेअर

नेटवेअर, म्हणजे नोव्हेल कंपनीचं ऑफिसचे सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर, ज्यांनी कधी हाताळलंय त्यांना तो साप नक्की आठवत असेल. सर्व्हरवर मॉनिटर नावाचा प्रोग्राम चालू ठेवला आणि थोडा वेळ कीबोर्डला कुणी हात लावला नाही की काळ्या स्क्रीनवर ठोकळ्यांचा एक साप फिरायला लागायचा, आणि तो नुसता शोभेचा नव्हता, सर्व्हरवर काम जितकं जास्त तितकी त्याची शेपटी लांब आणि वेगही जास्त. सकाळी मशीनरूमचं दार उघडलं की दिवा लावायच्या आधी मी सापाकडे बघायचो. आखूड शेपटीचा साप निवांत फिरतोय म्हणजे सगळं ठीक, आणि कुणी रात्री मोठा रिपोर्ट लावून घरी गेलं असेल तर साप लांबलचक आणि घाईत. एखादी कळ दाबली की साप जायचा आणि मॉनिटरचं पान यायचं, त्यात सर्व्हर किती दिवस सलग चालू आहे तो आकडा. आमच्या एका सर्व्हरचा आकडा चारशेच्या पुढे गेला होता. चारशे दिवस! त्याच काळात टेबलावरचं विंडोज दिवसातून दोनदा बंद करून चालू करावं लागायचं, आणि हे मशीन वर्षाहून जास्त काळ एकदाही न थांबता तीनशे लोकांच्या फायली सांभाळत बसलेलं.

त्या सापाच्या जोरावर मी नोव्हेल या कंपनीच्या भवितव्याबद्दल चार वर्षं अगदी तावातावाने वाद घातले. न्यू जर्सीत, काकांच्या घरी, शनिवारी दुपारी. काका म्हणजे सख्खे काका नव्हेत, बाबांचे मित्र, सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेले, पेशाने अकाउंटंट. मी १९९५ मध्ये तिकडे गेलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याकडेच राहिलो होतो. तिसरा माझा कॉलेजचा मित्र, मॅनहॅटनमध्ये प्रोग्रामर. काकांनी १९९६च्या शेवटी नोव्हेलचे दोनशे शेअर घेतले, दहा डॉलरच्या आसपास, आणि घेण्याचं एक कारण मी होतो. मी सीएनईची, म्हणजे नोव्हेलच्या अधिकृत इंजिनिअरची, परीक्षा पास झालेलो, चार सर्व्हर माझ्या हाताखाली, आणि माझं एकच पालुपद, काका, हे सॉफ्टवेअर बंदच पडत नाही हो.

कंपनीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आता ऑफिसात येणाऱ्या नव्या मुलांना नोव्हेल हे नावसुद्धा माहीत नसतं. युटा राज्यातल्या प्रोव्हो-ओरम भागातली कंपनी, सुरुवातीला हार्डवेअर बनवायची आणि बुडायच्या बेतात होती. १९८३ मध्ये रे नूर्डा प्रमुख झाले, तेव्हा त्यांचं वय साठीला टेकलेलं. ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीतून आलेली ड्रू मेजर वगैरे तीन-चार मुलं तिथे कंत्राटावर काम करत होती आणि त्यांनी एक वेगळाच विचार केला होता. त्यावेळी बाकीचे लोक एकच डिस्क अनेक पीसींना वाटून द्यायच्या मागे होते, ह्यांनी डिस्क नाही, फाइल वाटली. म्हणजे कुणाला कुठली फाइल द्यायची, एकाच वेळी दोघांनी मागितली तर काय करायचं, हे सगळं सर्व्हर ठरवणार. आज हे इतकं सरळ वाटतं की ह्यात काय विशेष असं कुणीही म्हणेल, पण ऑफिसमध्ये पीसी खऱ्या अर्थाने कामाला लागला तो ह्यामुळे. नूर्डांनी ओळखलं की पैसा डब्यात नाही, ह्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मग कुठल्याही कंपनीच्या नेटवर्क कार्डावर ते चाललं पाहिजे असा आग्रह धरला. स्वतःची कार्डं स्वस्तात विकली, का, तर कार्डं स्वस्त झाली की नेटवर्क वाढतील आणि नेटवर्क वाढली की नेटवेअर विकलं जाईल. एनई२००० नावाचं कार्ड तर इतकं पसरलं की पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्या कंपन्या 'एनई२०००सारखं चालतं' असं खोक्यावर छापून आपली कार्डं विकत होत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नेटवर्कच्या बाजारातला निम्म्याहून मोठा वाटा ह्या एका कंपनीकडे होता.

मग मायक्रोसॉफ्टशी सगळ्याच आघाड्यांवर लढायचं म्हणून खरेदी सुरू झाली. डिजिटल रिसर्च ही कंपनी, एटी अँड टीकडून युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि १९९४ मध्ये मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरची कंपनी वर्डपरफेक्ट. वर्डपरफेक्टचा सौदा जाहीर झाला तेव्हा किंमत १.४ बिलियन डॉलर सांगितली होती, पण बातमी येताच नोव्हेलचाच शेअर इतका पडला की सौदा पुरा होईपर्यंत त्याची किंमत ८५५ मिलियनवर आली. दोन वर्षांत तेच वर्डपरफेक्ट कॅनडातल्या कोरेलला विकलं, दोनशे मिलियनच्याही आत. युनिक्स त्याआधीच विकून झालं होतं. काका हा हिशोब सांगताना अस्वस्थ व्हायचे, त्यांना आकड्यांपेक्षा ही उधळपट्टी जास्त लागायची, कारण नूर्डा स्वतः अतिशय काटकसरी माणूस म्हणून प्रसिद्ध होते.

पण काकांनी शेअर घेतले ते ह्या उधळपट्टीनंतर, ती निस्तरून झाल्यावर, आणि त्यांचा विचार पक्का होता. त्यांच्याकडे एक निळी वही असायची, त्यात हाताने रकाने आखलेले. सेकच्या, म्हणजे अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाच्या, वेबसाइटवर कंपन्यांचे तिमाही आणि वार्षिक अहवाल तोवर फुकट मिळायला लागले होते, ते मी ऑफिसात छापून न्यायचो आणि काका पेन्सिलीने खुणा करत वाचायचे. त्यांचं गणित असं. शेअर साधारण साडेतीनशे मिलियन. कंपनीकडे रोख आणि रोखीसारखं मिळून एक बिलियनच्या आसपास, कर्ज काही नाही. म्हणजे प्रत्येक शेअरमागे जवळपास तीन डॉलर नुसते बँकेत पडलेत. दहाला शेअर घेतला तर धंद्याला आपण सातच डॉलर देतोय. १९९६च्या आर्थिक वर्षात विक्री १.३७ बिलियन आणि नफा सव्वाशे मिलियनच्या घरात. "आता ह्यातून व्याज वजा कर," काका म्हणायचे, "एक बिलियनवर पाच टक्के धरले तरी पन्नास मिलियन व्याजच आलं, ते सॉफ्टवेअर विकून आलेलं नाही." म्हणजे स्वतःच घेतलेल्या शेअरच्या विरुद्ध जाणारा आकडाही ते स्वतःच काढून दाखवायचे. मला हे फार आवडायचं. मी त्यांच्याकडून ताळेबंद वाचायला शिकलो तो असा, की आधी रोख बघ, मग कर्ज बघ, मग लोकांकडून किती येणं आहे ते बघ, आणि नफा सगळ्यात शेवटी.

येणी हा काकांचा खास विषय. माल विकला पण पैसे यायचेत, त्या रकमेचं विक्रीशी काय प्रमाण आहे, ते दर तिमाहीला वाढतंय का. त्यांचं म्हणणं, विक्री जिथल्या तिथे आणि येणी वाढतायत म्हणजे कुठेतरी माल साठतोय. मी म्हणायचो काका, सॉफ्टवेअरचा कसला माल, डिस्कच तर आहेत. त्यावर ते समजावून सांगायचे की कंपनी आपल्याला थेट विकत नाही, ती डिस्ट्रिब्युटरला विकते, डिस्ट्रिब्युटर डीलरला, डीलर तुझ्या ऑफिसला. कंपनीच्या वहीत विक्री कधी लागते? डिस्ट्रिब्युटरकडे खोकं गेलं की. आणि ते खोकं तुझ्या ऑफिसात येईपर्यंत मध्ये तीन-चार महिने गोदामात पडून राहिलं तरी वहीत विक्री झालेलीच दिसते. आपण वाचतो ती विक्री म्हणजे गोदामात काय गेलं त्याची, गोदामातून काय बाहेर पडलं त्याची नव्हे.

मित्राची बाजू निराळी होती. त्याला ताळेबंदात काडीचा रस नव्हता, पण तो प्रोग्राम लिहायचा आणि त्याचं बोलणं मला झोंबायचं. "अरे, फाइल आणि प्रिंटर वाटण्यासाठी तुझं नेटवेअर उत्तम आहे, मी कुठे नाही म्हणतोय, पण मला सांग मी त्याच्यावर प्रोग्राम का लिहू?" नेटवेअरवर काही चालवायचं तर एनएलएम, म्हणजे खास नेटवेअरसाठीचा प्रोग्राम, लिहावं लागायचं, आणि ते एनएलएम थेट सर्व्हरच्या गाभ्यात जाऊन बसायचं. त्यामुळेच तर ते इतकं वेगवान होतं, पण त्यात एक चूक राहिली की फक्त तो प्रोग्राम नाही, अख्खा सर्व्हर आडवा. एनटीवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरसाठीच्या विंडोजवर, तो आपल्या टेबलावरच्या पीसीसारखाच प्रोग्राम लिहायचा, तीच साधनं, तीच पुस्तकं, आणि प्रोग्राम पडला तर प्रोग्रामच पडायचा. १९९६च्या ऑगस्टमध्ये एनटी ४ आलं, दिसायला विंडोज ९५सारखं, त्यामुळे ज्याला पीसी चालवता येतो त्याला आपण सर्व्हरही चालवू शकतो असं वाटायला लागलं. "तू सीएनई आहेस म्हणून तुला ते काळं कन्सोल आवडतं, पण पुढच्या वर्षी जो माणूस पहिल्यांदा सर्व्हर घेणारे ना, तो सीएनई नसणारे."

माझं उत्तर ठरलेलं असायचं, डिरेक्टरी. एनडीएस. नेटवेअर ४ बरोबर १९९३ मध्ये आलेली ही गोष्ट खरंच काळाच्या पुढे होती, आणि आजही मी हे म्हणायला तयार आहे. त्याआधी प्रत्येक सर्व्हरची लोकांची यादी वेगळी, पाच सर्व्हर असतील तर नव्या माणसाचं नाव पाच ठिकाणी घाला आणि तो सोडून गेला की पाच ठिकाणी पुसा. एनडीएसमध्ये सगळी कंपनी एका झाडासारखी, मूळ, फांद्या, पानं, माणूस एकदाच लिहायचा आणि त्याला कुठे काय उघडता येईल ते त्या झाडावरून ठरायचं. मायक्रोसॉफ्टकडे ह्याला उत्तर म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली ती विंडोज २००० बरोबर, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये. सात वर्षं! मी सारखं म्हणायचो, सात वर्षं पुढे असलेली कंपनी हरेल कशी? (तेव्हा अर्थात सात म्हणत नव्हतो, तीन, मग चार, मग पाच, पण मुद्दा तोच.)

१९९७च्या मार्चमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे एरिक श्मिट नोव्हेलचे प्रमुख होणार अशी बातमी आली आणि आमच्याकडे आनंदीआनंद. इंटरनेट कळणारा माणूस, स्वतः इंजिनिअर, आता हे नेटवेअरला आयपीएक्स या नोव्हेलच्या स्वतःच्या नेटवर्क-भाषेतून बाहेर काढून इंटरनेटच्या भाषेत बोलायला लावतील. काका मात्र गप्प होते. ते म्हणाले, नवीन माणूस आला की आधी गोदाम उघडून बघतो, आपण दोन तिमाही थांबू. आणि तसंच झालं. श्मिटनी डिस्ट्रिब्युटरांकडे साठलेला माल कमी करायचं ठरवलं, म्हणजे नवीन खोकी पाठवायचीच नाहीत, आधी आहेत ती विकली जाऊ देत. मे महिन्यात हजाराच्या आसपास लोकांना काढणार असं जाहीर झालं. आणि जुलैअखेरच्या तिमाहीत विक्री किती, तर ९० मिलियन. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ती साडेतीनशेच्या वर होती. तोटा शंभर मिलियनच्या पुढे. शेअर त्या काळात सात-आठ डॉलरला आला होता.

तो शनिवार मला चांगला आठवतोय. मित्र म्हणाला संपलं आता, विका. काकांनी वही उघडली आणि म्हणाले की उलट पहिल्यांदाच खरा आकडा दिसतोय. तीन डॉलर रोख तशीच आहे, सातचा शेअर, म्हणजे धंदा चार डॉलरला, आणि ही ९० मिलियनची विक्री ही काही लोकांनी घेणं बंद केलं म्हणून नाही, गोदाम रिकामं करतायत म्हणून. मला त्यावेळी काका फार मोठे वाटले, सगळे घाबरून विकतायत आणि हा माणूस पेन्सिल घेऊन शांतपणे भागाकार करतोय. आणि पुढची दोन वर्षं काकाच बरोबर ठरले. १९९७ला एकूण ७८ मिलियनचा तोटा, १९९८ला १०२ मिलियन नफा, १९९९ला १९१ मिलियन. १९९८ मध्ये नेटवेअर ५ आलं, त्यात टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, मुळापासून. शेअर १९९८च्या शेवटी अठराच्या घरात आणि १९९९च्या शेवटी चाळीसच्या जवळ. २०००च्या सुरुवातीला चाळीसच्याही वर. काकांच्या दोन हजार डॉलरचे आठ हजार झाले होते.

आता जे सांगायचंय ते इथे आहे.

ह्याच काळात माझ्या ऑफिसात काय चाललं होतं? १९९७ मध्ये अकाउंट्सवाल्यांना नवीन सॉफ्टवेअर पाहिजे होतं. त्यांनी तीन कंपन्यांचे डेमो बघितले, तिन्ही फक्त एनटी आणि मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारे. माझ्याकडे फॉर्म आला, मी त्यावर सही केली, एक एनटी सर्व्हर. १९९८ मध्ये मेल बदलायचं ठरलं, मायक्रोसॉफ्टचं एक्सचेंज, म्हणजे दुसरा एनटी सर्व्हर, पुन्हा माझी सही. त्याच वर्षी वेबसाठी एक छोटा. हे प्रत्येक वेळी इतकं साहजिक होतं की मला त्यात काही निर्णय घेतोय असं वाटलंच नाही. माझे नेटवेअरचे चार सर्व्हर जिथल्या तिथे होते, त्यांना कुणी धक्का लावला नव्हता, साप फिरत होता. रॅकमध्ये त्यांच्या शेजारी फक्त एकेक नवीन डबा येऊन बसत होता.

आणि नेटवेअर ५ आलं तेव्हा मी काय केलं? डीलरचा माणूस आला, माहितीपत्रकं देऊन गेला, मी वाचलं, मनापासून आवडलं, आणि विकत घेतलं नाही. कारण आमचं नेटवेअर ३.१२ उत्तम चालत होतं. २००० सालच्या तारखेचा प्रश्न होता (वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरणारे जुने प्रोग्राम २००० साली गोंधळतील ही भीती), जुनं ३.११ असतं तर बदलावंच लागलं असतं, देशभर कितीतरी ऑफिसांनी त्याच कारणाने १९९८-९९ मध्ये नवीन नेटवेअर घेतलं असणार, पण ३.१२ला पॅच मिळत होते, ते मी एका रविवारी बसून लावले आणि काम झालं. मॅनेजरने विचारलं की अपग्रेडचे पैसे बजेटमध्ये धरू का, मी म्हणालो गरज नाही. मला त्याचा अभिमानच वाटला होता, कंपनीचे पैसे वाचवले. चारशे दिवस न थांबणारा सर्व्हर म्हणजे चारशे दिवस ज्याच्यासाठी नोव्हेलला आमच्याकडून एक डॉलरही गेला नाही असा सर्व्हर, हे माझ्या डोक्यात त्यावेळी आलं नाही. ज्या गुणासाठी मी त्या कंपनीचं कौतुक करत होतो त्याच गुणामुळे मी तिचा गिऱ्हाईक राहिलो नव्हतो.

२०००च्या फेब्रुवारीत, विंडोज २००० आलं त्याच सुमारास, काकांनी मला फोन केला. नेहमीच्या शनिवारी नाही, मध्येच, ऑफिसात. त्यांना शेअर विकावा की ठेवावा ते ठरवायचं होतं. म्हणाले, "मला कागदावर सगळं ठीक दिसतंय, रोख आहे, येणी ताब्यात आहेत, पण हा १९९९चा नफा २००० सालच्या घाईमुळे पुढचा मागे ओढून आलाय का ते मला कागदावरून कळत नाहीये. तुझ्याकडे काय परिस्थिती आहे?"

त्यावेळचं एक सांगायला हवं. मोठ्या फंडांचे विश्लेषक काय करायचे, तर डीलरांना फोन करायचे, सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांना फोन करायचे, बाबा रे तू पुढच्या सहा महिन्यांत काय घेणारेस. त्याला चॅनल चेक म्हणतात. शिवाय कंपन्यांचे निकालानंतरचे फोन कॉल, त्यात बऱ्याचदा विश्लेषकांनाच प्रवेश असायचा, सगळ्यांना एकाच वेळी माहिती दिली पाहिजे हा सेकचा नियम ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. म्हणजे काकांसारख्या दोनशे शेअरवाल्या माणसाला छापील अहवालापलीकडे काहीच नव्हतं. पण काकांकडे एक गोष्ट होती, घरचा माणूस, जो स्वतः सर्व्हर सांभाळतो. त्यांचा चॅनल चेक म्हणजे मी.

मी म्हणालो, "काका, सगळे सर्व्हर चालू आहेत, एकही पडलेला नाही."

हे खरं होतं, शब्दन्‌शब्द खरं. काका बरं म्हणाले आणि त्यांनी शेअर ठेवले. मला एनटीचे तीन डबे आठवले सुद्धा नाहीत, कारण माझ्या लेखी ती माहिती नोव्हेलबद्दलची नव्हतीच, ती अकाउंट्सबद्दलची होती, मेलबद्दलची होती. त्यांनी विचारलं होतं परिस्थिती काय, मी सांगितली तब्येत. त्यांना हवं होतं की तू शेवटचं कधी घेतलंस आणि पुढचं कधी घेणार, आणि इतकी वर्षं शनिवारचे शनिवार बोलूनसुद्धा हा प्रश्न ना त्यांनी असा विचारला ना मी आपणहून उत्तर दिलं. मित्राने चार वर्षांपूर्वी जो माणूस सांगितला होता, पुढच्या वर्षी पहिल्यांदा सर्व्हर घेणारा, तो सीएनई नसणार असं तो म्हणाला होता. तेवढं मात्र त्याचं चुकलं. तो माणूस सीएनईच होता, मीच होतो.

मे २००० मध्ये नोव्हेलने जाहीर केलं की त्या तिमाहीची विक्री अंदाजापेक्षा कमी येणार, आणि शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला. बाजार तेव्हा सगळाच पडत होता, त्यामुळे त्या धामधुमीत कुणाचं काय चुकलं हे वेगळं काढणं अवघड होतं, आणि काकांनी मला एका शब्दानेही काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी श्मिट गूगलला गेले, नोव्हेलने एक सल्लागार कंपनी विकत घेतली, नवीन प्रमुख आले. २००३ मध्ये सुसे ही लिनक्सची कंपनी २१० मिलियनला घेणार असं नोव्हेलने जाहीर केलं तेव्हा काकांनी परत वही काढली होती, थोडे दिवस आमच्या गप्पांना पुन्हा जोर आला, मित्रही फोनवर असायचा. पण त्यावेळी माझ्या बोलण्यात पहिल्यासारखा दम राहिला नव्हता आणि त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी शेवटचा नेटवेअर सर्व्हर बंद केला होता. फायली विंडोजवर हलवून झाल्या होत्या, लोकांना सोमवारी सकाळी फरक कळणारही नव्हता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मशीनरूममध्ये गेलो. साप होता, अगदी आखूड, कारण कुणीच जोडलेलं नव्हतं, सर्व्हरला काही काम नव्हतं. कन्सोलवर डाऊन टाइप केलं, एंटर. मग एक्झिट. खाली नुसता डॉसचा प्रॉम्प्ट राहिला, लुकलुकत. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, मग मागचं बटण दाबलं आणि पंखा थांबेपर्यंत थांबलो.

२०११च्या एप्रिलमध्ये ॲटॅचमेटने नोव्हेल विकत घेतली, २.२ बिलियन डॉलरला, शेअरमागे ६.१० डॉलर रोख. काकांचे दोनशे शेअर अजून तसेच होते. १,२२० डॉलर. पैसे जमा झाल्यावर त्यांचा फोन आला, आवाज थकलेला पण डोकं तितकंच साफ, आणि मला लगेच कळलं की वही समोर आहे, कारण पानं उलटल्याचा आवाज येत होता. आकडे सांगून झाले, रे नूर्डा पाच वर्षांपूर्वी गेले त्याची आठवण काढून झाली. मग म्हणाले, "तुझे ते सर्व्हर आहेत का रे अजून?"

"नाही काका. शेवटचा २००३ मध्ये बंद केला."

"२००३," ते म्हणाले. लिहून घेत असावेत. "आणि नवीन शेवटचं कधी घेतलं होतंस?"

मला आठवायला वेळ लागला नाही. पण बोलायला लागला.

"९६ मध्ये, काका. तुम्ही शेअर घेतलेत त्याच वर्षी, उन्हाळ्यात."